सरळ केलेला ठेका

टकळीला हे नाव तिच्या बाबानं ठेवलं होतं, तिच्या तोंडाकडे बघून. घरात तिच्या तोंडाचा पट्टा डोळे उघडल्यापासून सुरू व्हायचा. शाळेत मात्र फळ्यापाशी उभं केलं की ती बुटांच्या टोकांशी बोलायची. या वर्षी काय झालं कोण जाणे. शाळेनं मधल्या सुट्टीत ऐकवायचा रेडिओ काढला. रेडिओ म्हणजे जिन्यातले कर्णे, ज्यांतून आजवर 'मैदानात चिखल आहे, जाऊ नये' याच्यापलीकडे काही आलं नव्हतं. मुलाखती कोण घेणार असं वर्गबाईंनी विचारलं आणि टकळीचा हात वर गेला. आधी हात गेला, मग त्याच्यामागून ती उठली.

"कुणाच्या मुलाखती घेशील?" बाईंनी विचारलं.

"ड्रमवाल्यांच्या."

वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एकानं बाकावर धडधड वाजवून दाखवलं. टकळी वळून म्हणाली, "पळतोयस तू. सावकाश वाजव." वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तिच्या बाजूनं. त्या हसण्याची चव बरेच दिवस तिच्या जिभेवर राहिली.

ड्रमवाल्याच्या घरात वाढलेल्या पोरीला 'पळणं' म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. वाजवता वाजवता ठेका नकळत जलद होत गेला की ड्रमवाले म्हणतात, पळाला. त्यांच्यात याहून वाईट शिवी नाही. चोरी केली, बायकोला सोडलं, दारू पिऊन स्टेजवरून पडला, सगळं माफ. पण पळाला म्हटलं की माणूस संपला.

बाबा कधी पळायचा नाही. तो एका डान्स हॉलमध्ये शनिवारी दुपारी वाजवायचा, जिथं म्हातारी जोडपी इस्त्रीचे कपडे घालून नाचायला यायची. बाकीचे दिवस तो कुणाकुणाच्या मुलांना शिकवायचा आणि उरलेल्या वेळात आईच्या शिवणयंत्राच्या आवाजावर टेबल वाजवायचा. आई म्हणायची, "माझं यंत्र बंद पडलं की याचं पण पडतं. लग्न माझ्याशी केलं का मशीनशी, अजून कळलं नाही." बाबा हसायचा. बोलायचा फारसा नाही. घरातलं सगळं बोलणं टकळीच्या वाट्याला आलं होतं.

आता त्या हॉलनं बँड बंद करायचं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यापासून गाणी यंत्रावर लागणार होती. म्हाताऱ्या जोडप्यांना विचारलं होतं का, तर नाही. त्याच सुमाराला एका मोठ्या नाटक कंपनीला ड्रमवाला हवा होता, कायमचा, पगारी. ज्याला यायचं असेल त्यानं आधी आपलं वाजवणं ध्वनिमुद्रित करून पाठवायचं, आवडलं तर बोलावणं येणार.

"ड्रमवाल्यासाठी शहरातली शेवटची खुर्ची असेल ही," बाबा जेवताना म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून ऐकून आईनं वाढणं थांबवलं.

*

पहिली मुलाखत कातडीकाकांची झाली. काका ड्रम दुरुस्त करायचे. कातडं जाऊन सगळीकडे प्लास्टिक आलं त्याला युग लोटलं होतं, पण काकांचं नाव कातडीच राहिलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली, छताला उलट्या टांगलेल्या कड्या, कोपऱ्यात डिंकाचा डबा, आणि बसायला फुटक्या ड्रमचं केलेलं स्टूल. दर रविवारी उरलेसुरले ड्रमवाले इथंच जमायचे. काकांच्या गळ्यात ड्रमचे स्क्रू पिळायची किल्ली कायम लोंबत असायची.

"काका, पहिला प्रश्न. तुम्ही वाजवणं का सोडलं?"

"हा पहिला प्रश्न होय? आधी चहा घेणार का, असं विचारायचं असतं."

"ते तुम्ही मला विचारायचं असतं. दुकान तुमचं आहे."

"बाप मुका आणि लेक अशी," काका म्हणाले आणि त्यांनी चहा टाकला. "मी सोडलं नाही गं. मला बोलवायचं सोडलं. एक दिवस फोन येईना. मला वाटलं, फोन बिघडला. शेजारच्याच्या फोनवरून स्वतःला लावून बघितला. वाजला."

"मग?"

"मग काय. उचलला. 'हॅलो' म्हटलं. पलीकडे मीच होतो."

टकळी हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की काका हसत नाहीयेत. तिनं घाईघाईनं पुढचा प्रश्न काढला. दोन ड्रमवाले तोच ठेका वाजवतात, मग कोण वाजवतंय ते ओळखू कसं येतं?

इथं काका खुलले. किल्ली हातात घेऊन हवेत फिरवायला लागले. "ठोका म्हणजे रेघ नव्हे. ठोका ही खोली आहे, समजलं? कुणी दार ढकलून घुसतो. कुणी बरोबर मधोमध उभा राहतो, फोटो काढायला आल्यासारखा. तुझा बाप दाराशी थांबतो. बाकीच्यांना आत जाऊ देतो, मग स्वतः येतो. त्याचा डावा हात बघ. इतकासा उशिरा पडतो. चूक म्हणावी इतका नाही. पण त्या इतकाशावर हॉलमधली म्हातारी माणसं आपले गुडघे विसरतात. मला डोळे बांधून बसवा, मी त्याला ओळखीन."

"अजूनही?" टकळीनं विचारलं. मुलाखतीत लोकांना बोलतं ठेवायला असं काहीतरी मध्ये टाकायचं असतं, एवढाच तिचा हेतू होता.

काकांनी समोरच्या ड्रमचा एक स्क्रू पिळला. मग तोच उलटा पिळला. "चहा गार होतोय तुझा," ते म्हणाले.

मुलाखतीच्या शेवटी प्रत्येकानं एकच गोष्ट वाजवायची असा टकळीचा नियम होता. करामती नाहीत, साधा ठेका, ती थांबा म्हणेपर्यंत. तेच वाजवून माणूस कसा वेगळा होतो ते शाळेला ऐकवायचं होतं. काकांनी मांडीवर स्नेअर घेतला, म्हणजे तो पोटाखाली तारा ताणलेला चपटा ड्रम, आणि हातमाग चालावा तसं वाजवलं.

हा भाग जिन्यातून वाजला तेव्हा मुलांनी डबे खाणं थांबवलं होतं. फोनचा किस्सा ऐकून एक शिक्षक कर्ण्याखाली उभे राहिले. टकळी त्या दिवशी घरी चालत गेली नाही, तरंगत गेली.

*

दुसरी मुलाखत वादळमावशीची. मावशी म्हणजे आईची बहीण वगैरे काही नाही, पण ड्रमवाल्यांमधली एकटी बाई, म्हणून सगळ्यांच्या पोरांची मावशी. आता ती शाळेची व्हॅन चालवायची. टकळीनं तिला मुलं उतरवून झाल्यावर रिकाम्या व्हॅनमध्ये गाठलं. उन्हाची झडप डोळ्यांवर ओढली की तिथं खोचलेल्या ड्रमच्या काठ्या मांडीवर पडायच्या.

"मी स्टेजवर चढले की लोक म्हणायचे, गाणारी आली, वाजवणारा कुठंय," मावशी म्हणाली. "मी पायाच्या ड्रमवर एक लाथ घालायचे. मग शांत."

"तुझा ड्रमसेट कुठे असतो आता?"

"पलंगाखाली. पायाचा ड्रम मावत नाही, तो उभा करून त्यात थंडीचे कपडे भरलेत. माझ्या भाचीला वाटतं, कपाट आहे. परवा विचारत होती, मावशी, हे कपाट गोल का?"

"मावशी, तुम्हा लोकांना सगळ्यात भीती कशाची वाटते?"

मावशीनं स्टिअरिंगवर बोटांनी काहीतरी वाजवलं. रस्त्यावरून एक ट्रक गेला तोवर ती थांबली.

"हात गेले तर दुखतात, कळतं. कान गेले तर लोक ओरडायला लागतात, कळतं. लय गेली तर कळत नाही गं. ज्या पट्टीनं मोजायचं, तीच वाकलेली असते. आपण आपले मोजतो आणि सगळं बरोबरच येतं. उलट वाटतं, आज बाकीचे ढिले पडलेत."

"मग कुणीतरी सांगत असेल ना?"

"एकाला आम्ही सांगितलं होतं. चांगल्या शब्दांत, घरी जाऊन, फळं घेऊन. तो 'बरं झालं सांगितलंत' म्हणाला. मग परत कुणाला दिसलाच नाही. ना दुकानात, ना बाजारात." मावशीनं काठ्या पुन्हा झडपेत खोचल्या. "तेव्हापासून आपल्यात कुणी कुणाला सांगत नाही. हे कापून टाक हं, रेडिओवर नको."

टकळीनं कापून टाकलं. पण डोक्यातून कापता येईना.

*

बाबाचा ठेका तिनं घरीच घेतला, आईच्या खोलीत, यंत्र बंद करून. बाबा बसला, खांदे सैल केले, सुरुवात केली. आईनं दारात उभं राहून ऐकलं आणि मग स्वयंपाकघरात गेली. टकळीला वाटलं, छान झालं. बाबाला वाटलं, छान झालं.

संध्याकाळी तिनं संगणकावर तिन्ही ठेके एकाखाली एक लावले. पडद्यावर उभ्या रेघा असतात, ठराविक अंतरावर, आणि आवाज त्यांच्यामधून डोंगरांच्या रांगेसारखा जातो. काकांचे डोंगर रेघांवर जाऊन बसले होते. मावशीचे जरा इकडे, जरा तिकडे, पण रेघेचा हात धरून. बाबाचे सुरुवातीला रेघेच्या किंचित मागे होते. डाव्या हाताचा इतकासा उशीर, काका म्हणाले तो, नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. टकळी खुर्चीतच उडी मारून म्हणाली, "आई, इकडे ये, बाबा दिसतोय." मग तिनं पडदा पुढं सरकवला. आई येईपर्यंत तिनं पडद्यावरचं सगळं बंद करून टाकलं होतं.

"काय दिसत होतं?"

"काही नाही. गेलं."

पुढं पुढं डोंगर रेघेवर आले होते. मग रेघेच्या आधी. मग शेवटापर्यंत एकामागोमाग एक रेघा मागे टाकत सुटले होते, उतारावरून कुणी ढकलल्यासारखे. टकळीनं ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला दोष दिला. दुसऱ्या दिवशी बाबाकडून पुन्हा वाजवून घेतलं, "आवाज खरखरतोय" असं खोटं सांगून. पुन्हा तेच. आरंभी बाबा, मग कुणी तरी घाईतला माणूस.

बाबा पळत होता.

शनिवारी ती हॉलमध्ये गेली आणि भिंतीला टेकून बँडकडे बघत राहिली. बाबाच्या डाव्या हाताला लंबूकाका बेस गिटार घेऊन उभे होते. बाबाच्या लग्नाआधीपासून ते त्याच जागी उभे असायचे. आज तिनं त्यांचे डोळे बघितले. ते बाबाच्या काठ्यांच्या टोकांवर खिळलेले होते, आणि दर वेळी बाबा थोडा सुटला की लंबूकाका सुटायचे, त्यांच्याबरोबर पियानो, त्याच्याबरोबर नाचणारे. म्हातारी माणसं धापा टाकत होती. "आज गाणी जोरात आहेत," एक आजी घाम पुसत म्हणाल्या आणि बसल्या. त्या आधी कधी अर्ध्या गाण्यातून बसत नसत.

मध्यंतरात टकळीनं लंबूकाकांना मागच्या दाराशी धरलं.

"तुम्हाला माहितेय."

लंबूकाकांनी 'काय?' असं विचारलं नाही. "मागच्या वर्षीपासून," ते म्हणाले.

"मग तुम्ही त्याच्यामागे का जाता?"

"नाही गेलो तर त्याला ऐकू येईल. सगळे एकत्र पळालो की पळणं कळत नाही, पोरी. निदान ज्याला कळू नये त्याला तरी कळत नाही."

"आणि नाटक कंपनीत? तिथं कोण पळणार त्याच्याबरोबर?"

लंबूकाका वरपासून खालपर्यंत सहा फूट होते, पण त्या क्षणी दाराच्या कडीएवढे झाले. "मला विचारू नकोस," ते म्हणाले. "डॉक्टरकडे मीच नेलं होतं, कान दाखवायला म्हणून. कान उत्तम. हात उत्तम. तिसरं काही तपासायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं."

*

त्याच आठवड्यात बाबा टकळीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "तू घेतलेला तो ठेका आहे ना," तो म्हणाला, "तोच पाठवू या कंपनीला. त्यांना साधंच हवंय. पाठवशील?"

"तू ऐकून बघणार नाहीस?"

"मी वाजवलाय ना." आणि त्यानं तिच्या डोक्यावर दोन बोटांनी टकटक केलं, लहानपणी करायचा तसं. "ड्रमवाल्यांची रेडिओवाली आहेस आता. तुझ्यावर सोपवलं."

टकळीला नाही म्हणता आलं असतं. सांगता आलं असतं. शाळेत ती आता कुणालाही काहीही सांगू शकत होती. पण त्या पलंगाखालच्या ड्रमसेटचा आणि फळं घेऊन गेलेल्या मंडळींचा विचार तिच्या मनात आला, आणि बाबा बाजारातसुद्धा दिसेनासा झाला तर काय, हाही आला. तिच्यापुढे संगणक होता. संगणक काय काय करू शकतो ते तिला आता ठाऊक होतं, आणि नुकतंच काही जमायला लागलेल्या माणसाला वाटतं तसं तिला वाटलं, की हेही जमेल.

तिनं बाबाचा एकेक ठोका कापला, उचलला आणि रेघेवर नेऊन ठेवला. संध्याकाळमागून संध्याकाळ. आईला वाटलं, शाळेचं काम आहे, तिनं दूध आणून ठेवलं. शेवटी शेवटी टकळीचा हात इतका बसला की तिला मजा यायला लागली. वाकडंतिकडं सगळं सरळ होत होतं. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. मग तिनं मूळचे दोन्ही ठेके पुसून टाकले. पुरावा नको. आणि सरळ केलेला पाठवून दिला.

बोलावणं आलं तर पुढं काय, याचा विचार तिनं केला नाही असं नाही. केला, आणि पुढच्या खोलीत ढकलून दार लावून घेतलं.

बोलावणं आलं.

बाबानं तो निरोप वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. आई शिवणयंत्रावरून उठलीच नाही, पण यंत्र थांबलं होतं. "अगं, घेतलं नाहीये अजून," बाबा म्हणाला, "नुसतं बोलावलंय. कानात घड्याळासारखी टिकटिक लावून तिच्या बरोबरीनं वाजवायचं असतं, सगळ्यांचीच घेतात ती परीक्षा." आणि मग बाबा, जो कधी गुणगुणतसुद्धा नसे, तो स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागला आणि शीळ वाजवायला लागला. टकळीनं अंथरुणात तोंड खुपसलं.

*

रविवारी कातडीकाकांच्या दुकानात बातमी बाबाच्या आधी पोचली होती. काकांनी बिस्किटांचा पुडा फोडून ठेवला होता. वादळमावशी व्हॅन रस्त्यातच लावून आली होती आणि मागचे गाडीवाले भोंगे वाजवत होते. लंबूकाका एका कोपऱ्यात उभे होते आणि टकळीकडे बघत नव्हते.

"पगारी माणूस आला," मावशी म्हणाली. "आता आमच्याशी बोलशील का? तसा आधीही बोलत नव्हतास म्हणा."

बाबा हसला. फुटक्या ड्रमच्या स्टुलावर बसला.

"वाजव की गं टकळे," काका म्हणाले, "काय पाठवलंस ते. तुझ्या बापाचा ठेका या दुकानात वाजायला पाहिजे."

"माझ्याकडे नाहीये."

"तुझ्या फोनवर आहे," बाबा म्हणाला. "मी बघितलं." त्याच्या आवाजात इतका साधा आनंद होता की तिचा हात आपोआप खिशात गेला.

ठेका सुरू झाला. काकांचा दुकानातला स्पीकर मोठा होता.

टकळी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. शेवटपर्यंत सरळ आहे, कुणाला काही कळणार नाही, असं ती मनात म्हणत होती. पण शेवटपर्यंत जायची वेळच आली नाही. अगदी आरंभीच काकांची किल्ली हातात थांबली. मावशीनं तोंडाकडे नेलेलं बिस्कीट खाली आणलं. काकांनी सांगितलेलं, तिनं स्वतः कापून जोडून शाळेला ऐकवलेलं, ते आता तिला आठवलं. बाबाचा डावा हात. तो इतकासा उशीर. तिनं तोही उचलून रेघेवर ठेवला होता. शेवटचा घाईतला माणूस पुसता पुसता तिनं दाराशी थांबलेला बाबाही पुसला होता.

काठ्या बाबाच्या होत्या. ड्रम बाबाचा होता. वाजवणारं कुणीच नव्हतं.

तिनं बंद करायला हात पुढं केला.

"राहू दे," बाबा म्हणाला. तो संपेपर्यंत ऐकत राहिला. बाहेर व्हॅनवर कुणीतरी हात आपटून शिव्या देत होतं, तरी मावशी हलली नाही.

"सरळ केलास," बाबा म्हणाला.

टकळीच्या तोंडाचा पट्टा तुटला होता. तिनं मान हलवून हो म्हटलं.

"का?"

बाबानं टकळीकडे बघितलं, मग लंबूकाकांकडे. लंबूकाका जमिनीवरच्या डिंकाच्या डागाकडे बघत होते. मग काकांकडे. मग मावशीकडे. प्रत्येकाच्या तोंडावर तेच होतं. टकळीला वाटलं, कुणी तरी खोटं बोला. तिघं जण आहात, एकानं तरी बोला.

"किती दिवस?" बाबानं लंबूकाकांना विचारलं.

"फार नाही," लंबूकाका म्हणाले. तेवढंच खोटं त्यांना जमलं.

"मला वाटायचं, तू ढिला पडलायस," बाबा म्हणाला. "म्हटलं, वय झालं तुझं. बोलून दाखवलं नाही. वाईट वाटेल म्हणून."

मग तो टकळीला म्हणाला, "आधीचा लाव. न सुधारलेला. सुरुवातीला तरी बरा असेन मी."

"पुसला," टकळी म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

बाबानं मान डोलावली. रागावला असता तर बरं झालं असतं. हॉलमध्ये कधी कुणी ध्वनिमुद्रण केलं नव्हतं. दर शनिवारी असतोच की, म्हणून. जगात दुसरीकडे कुठं तो डावा हात नव्हता.

*

पुढच्या शनिवारी हॉलमधला शेवटचा बँड होता. बाबा कंपनीच्या परीक्षेला गेला नव्हता. जाणार नाही असंही बोलला नव्हता, परीक्षेच्या सकाळी तो नुसता झांजा पुसत बसला. आईनं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि कापडात सुई टोचून ठेवली.

हॉलमध्ये खुर्चीवर बसायच्या आधी बाबा लंबूकाकांजवळ गेला. टकळी शेजारीच होती. तो म्हणाला, "आज माझ्यामागे येऊ नकोस."

"काय बोलतोयस."

"तू तुझ्या जागी राहा. पियानोवाल्यालाही सांग. मला ऐकायचंय."

"शेवटच्या दिवशी? लोकांसमोर?"

"दुसरा दिवस कुठाय?"

पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात बाबा सुटला आणि लंबूकाका सुटले नाहीत. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण बोटं जागची हलली नाहीत. बेस इथं, ड्रम तिथं. मधली फट वाढत गेली. जोडप्यांची पावलं एकमेकांवर पडायला लागली, कुणी ड्रम ऐकत होतं, कुणी बेस. एक आजोबा थांबले, मग बाजूचे, मग हॉलच्या मधोमध सगळे हात धरून नुसते उभे राहिले, दिवे गेल्यासारखे.

बाबानं मान तिरकी केली होती. पलंगाखाली मांजर ओरडतंय का ते ऐकावं तसं. तो वाजवत राहिला, बराच वेळ, त्या फटीत कान घालून. मग त्यानं काठ्या स्नेअरवर आडव्या ठेवल्या. लंबूकाका एकटेच वाजवत राहिले, आणि त्यांच्यावर हळूहळू दोनतीन जोडपी पुन्हा पावलं टाकायला लागली. ड्रमवाचून. जमत होतं त्यांना.

*

शाळेत बाई विचारत होत्या, शेवटचा भाग कधी देणार. टकळी म्हणाली होती, बाबांचा आहे, देते. ती रविवारी दुपारी त्याच्यासमोर टेबलाशी बसली. ध्वनिमुद्रणाचं यंत्र पिशवीतच राहिलं. आतल्या खोलीत आईचं शिवण चाललं होतं. बाबाचा ड्रमसेट भिंतीशी खोळ घालून उभा होता, सगळे स्क्रू सैल केलेला. दुकानातला रविवार होता, पण तो गेला नव्हता. मावशीचा फोन येऊन गेला होता. काकांचाही. त्यानं उचलले नव्हते.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

तिला सगळे प्रश्न पाठ होते. कुठं शिकलात. कशावर जगता. भीती कशाची वाटते. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. टेबलावर बाबाचं बोट आपोआप चालू झालं होतं, शिवणयंत्राच्या आवाजावर, पूर्वीसारखं. सुरुवातीला ते आवाजाच्या किंचित मागे होतं, आणि टकळी पुढं झुकली, कारण तो होता, दाराशी थांबलेला. मग बोट यंत्राच्या बरोबर आलं. मग पुढं.

टकळीनं आपलं बोट टेबलावर ठेवलं आणि त्याच्याबरोबर वाजवायला लागली. तो जसा सुटेल तशी तीही. दोघं मिळून यंत्राच्या पुढं गेले, एकसारखे, आणि क्षणभर सगळं बरोबर वाटलं.

"पळतेयस तू," बाबा म्हणाला.

ती थांबली नाही. त्याच्याकडे बघत वाजवत राहिली, आणि पळतंय कोण ते त्याला कळताना तिला त्याच्या तोंडावर दिसलं.

त्यानं बोट उचललं, मुठीत घेतलं आणि हात टेबलाखाली नेला. आतलं यंत्र चालूच होतं.